चारचौघांची भीति आणि मेंदूंतील पालट

मराठी भाषेंत 'सभाधीट' असा एक नेटका शब्द आहे. चारचौघांत उभें राहून बोलतांना जो डगमगत नाहीं, त्याला हें विशेषण लावतात. आणि ज्या समाजानें अशा माणसासाठीं एक वेगळा शब्द घडविला, त्या समाजाला सभेची भीति म्हणजे काय याची चांगलीच ओळख असली पाहिजे हें उघड आहे. उलट बाजूला पाहावें तर बुजरा, भिडस्त, लाजाळू, संकोची, मुखदुर्बळ अशी शब्दांची एक रांगच उभी आहे. हे बहुतेक शब्द स्वभावाचें वर्णन करणारे आहेत, दोषाचें नव्हे. भिडस्तपणा तर पुष्कळ घरांत गुण म्हणूनच गणला जातो. परंतु या शब्दांच्या पलीकडे एक अशी अवस्था आहे कीं, जिला 'स्वभाव' म्हणून सोडून देणें हा त्या माणसावर अन्याय होय. वैद्यकशास्त्र तिला सामाजिक चिंताविकार म्हणतें. येथें सोयीसाठीं सभाभय हाच शब्द योजला आहे, मात्र त्यांतील सभा दोन माणसांचीहि असूं शकते, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

औसा हें लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव लातूरपासून सुमारें वीस किलोमीटरवर आहे. रोज सकाळीं एस्टीनें लातूरच्या महाविद्यालयांत आणि शिकवणीच्या वर्गांत जाणारीं मुलें येथें पुष्कळ. त्यांपैकीं एखाद्याचें चित्र कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. मुलगा हुशार आहे; गणित त्याचें पाठ आहे; शिक्षकांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत त्याला सर्वांच्या आधीं सुचतें. तरी तो हात वर करीत नाहीं. आपलें नांव पुकारलें जाईल या नुसत्या शंकेनें त्याच्या छातींत धडधड सुरू होते, तळहाताला घाम सुटतो, जीभ टाळ्याला चिकटते. तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आली कीं, त्याची झोंप उडते. परीक्षा संपली कीं, आपण कोठें अडखळलों, कोण हंसलें, याची उजळणी तो रात्र रात्र करीत राहतो. पंगतींत जेवतांना आपला हात थरथरेल आणि लोक तें पाहतील म्हणून कोणी लग्नाला जाण्याचें टाळतो. बँकेंत कारकुनासमोर सही करण्याची वेळ आली तर घरून सही करून नेलेला कागद पुढें करणारी माणसेंहि आहेत. यांना आळशी, घुमे किंवा गर्विष्ठ म्हणणें सोपें आहे. वस्तुतः दुसऱ्याच्या डोळ्यांत आपली किंमत काय ठरेल, या एकाच प्रश्नानें त्यांचें सारें चित्त व्यापलेलें असतें.

ही अवस्था बहुधा कोंवळ्या वयांत, तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, आणि आपोआप क्वचितच जाते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांत आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनीं १९६६ सालीं निरनिराळ्या भीतींचीं सुरू होण्याचीं वयें ताडून पाहिलीं, तेव्हां लोकांच्या नजरेची भीति ही कुत्र्या-मांजरांच्या किंवा उंचीच्या भीतीहून निराळी असल्याचें स्पष्ट झालें. १९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारांच्या अधिकृत सूचींत तिला स्वतंत्र स्थान मिळालें. इतक्या उशिरां कां, असा प्रश्न पडतो. त्याचें एक उत्तर या विकारांतच आहे: जो अनोळखी माणसापुढें तोंड उघडूं शकत नाहीं, तो अनोळखी डॉक्टरपुढें जाऊन आपली व्यथा सांगणार कसा?

भीति ही मूळची शत्रु नव्हे, हें औसा तालुक्याला कोणी शिकवावयास नको. याच तालुक्यांतील किल्लारी येथें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी. गणपतीचें विसर्जन करून गांवेंच्या गांवें निजलीं होतीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचीं जड माळवदें कोसळून हजारों माणसें गेलीं. जे वांचले त्यांतील पुष्कळजण पुढें दीर्घकाळ छताखालीं निजावयास धजत नव्हते. पक्कें घर पदरीं पडल्यावरहि अंगणांतील पत्र्याच्या आडोशाला अंथरूण घालीत. यांत वेडेपणा कोणता? मेंदूनें एका रात्रींत एक धडा घेतला होता, आणि त्या धड्यांत केवळ भूकंप नव्हता. रात्र, छत, शांतता, दूरवर गुरगुरणारी मालमोटार, हें सारें त्यांत गोवलें गेलें होतें. संकट एकदां येतें. परंतु संकटासोबत जें जें होतें, त्या सर्वांवर मेंदु खूण करून ठेवतो.

हें खूण करण्याचें काम ज्या भागाकडे मुख्यतः आहे तो कानशिलांच्या आंत, मेंदूच्या खोल भागांत, दोहों बाजूंस असतो. आकारानें तो बदामासारखा, म्हणून ग्रीक भाषेंतील बदामाच्या नांवावरून त्याला अमिग्डला म्हणतात. त्याला केवळ 'भीतीचें केंद्र' म्हणण्याची चाल पडली आहे; पण ती तितकीशी बरोबर नाहीं. आनंदाच्या आणि नवलाच्या प्रसंगींहि तो जागा होतो. 'हें महत्त्वाचें आहे, इकडे लक्ष द्या', अशी हांक मारणारा तो गांवचा राखणदार आहे असें म्हटल्यास अधिक शोभेल. त्याची हांक ऐकतांच मेंदूच्या तळाचे भाग हृदयाला, फुप्फुसांना, घर्मग्रंथींना आज्ञा सोडतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तांत येतें. आणि माणूस पळावयास किंवा झुंजावयास सिद्ध होतो. साप दिसला असतां ही सिद्धता प्राण वांचविते. समोर सापाऐवजीं परीक्षक बसलेला असेल तर मात्र तिचा कांहीं उपयोग होत नाहीं. उलट तिच्यामुळेंच वाचा बसते.

राखणदाराच्या हांकेची शहानिशा करणारा एक कारभारीहि मेंदूंत आहे. तो भालप्रदेशाच्या मागें, पुढील मेंदूच्या पृष्ठभागांत बसतो. हांक खरी कीं खोटी, मागें अशी हांक आली तेव्हां पुढें काय झालें, आतां काय करणें शहाणपणाचें, हें तो ठरवितो, आणि हांक खोटी असल्यास राखणदाराला गप्प बसवितो. सभाभय असलेल्या माणसांचीं मेंदूचीं चित्रें घेऊन पाहिलीं असतां, रागावलेला किंवा तिरस्काराचा चेहरा दाखवितांच त्यांचा अमिग्डला इतरांच्यापेक्षां अधिक जोरानें जागा होतो, असें अनेक प्रयोगशाळांत आढळलें आहे. म्हणजे राखणदार अति दक्ष आहे. पण त्याला तसें कोण ठेवतें? येथेंच वर्तनोपचाराचें मूळ सूत्र येतें. त्याला तसें ठेवतें तें माणसाचें स्वतःचें टाळणें.

मुलानें हात वर केला नाहीं, धडधड थांबली, सुटल्यासारखें वाटलें. या सुटकेचा अर्थ मेंदु असा लावतो कीं, आपण बोललों नाहीं म्हणून वांचलों. बोललों असतों तरीहि कांहीं बिघडलें नसतें, ही गोष्ट त्याला कळण्याची संधिच मिळत नाहीं. उघडउघड टाळणें जेथें शक्य नसतें तेथें छुपें टाळणें असतें: नजर खालीं ठेवणें, भाषणाचा कागद घट्ट आंवळणें, वाक्य मनांत दहा वेळां घोळवून मगच उच्चारणें. मौज अशी कीं, कागद जितका घट्ट धरावा तितका तो अधिक थरथरतो. आणि प्रसंग निभावला तरी त्याचें श्रेय कागदाला जातें, माणसाला नाहीं.

हें टाळणें कधीं कधीं दुसराच कोणी करून देतो, आणि तेव्हां तें ओळखूं येत नाहीं. १९९३ सालीं अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रांत त्या निम्म्या झाल्या. यांतून सरपंच झालेल्या कित्येक स्त्रियांनीं गांवें सुधारून दाखविलीं. परंतु कित्येक गांवीं 'सरपंचपति' नांवाचें एक नवेंच पद निर्माण झालें, हेंहि सर्वांना ठाऊक आहे. खुर्चीवर ती, बोलणारा तो. याला रूढि कारण आहे, सत्तेची हांव कारण आहे. त्यांत संशय नाहीं. तथापि अशा स्त्रीच्या मेंदूच्या बाजूनें पाहिलें तर आणखी एक गोष्ट घडते. ग्रामसभेंत प्रश्न आला कीं छातींत धडधड होते, तोंच पति उत्तर देतो, धडधड निवते. दर सभेला हाच पाठ गिरवला जातो. पांच वर्षें संपतात, आणि आपल्याला बोलतां आलें असतें कीं नाहीं, हें तिला अखेरपर्यंत कळत नाहीं. मुलाच्या वतीनें सर्वत्र उत्तर देणारी माउलीहि प्रेमापोटीं हेंच करीत असते.

या सूत्रावर उपचार उभारण्याची कल्पना शंभर वर्षांची आहे. मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें १९२४ सालीं पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीति घालविली. मुलगा आवडीचा खाऊ खात असतां ससा पिंजऱ्यांतून रोज थोडा थोडा जवळ आणला. दक्षिण आफ्रिकेंतील जोसेफ वोल्पी यांनीं मांजरांवरील प्रयोगांतून हीच रीत पक्की केली आणि १९५८ सालीं आपल्या ग्रंथांत मांडली. भीतीची एक शिडी करावयाची, शरीर सैल सोडण्यास शिकावयाचें आणि एकेक पायरी चढावयाची, हें त्यांच्या पद्धतीचें सार.

परंतु सभाभयाच्या बाबतींत सर्वांत मनोरंजक प्रयोग एका एकोणीस वर्षांच्या तरुणानें स्वतःवरच केला. अल्बर्ट एलिस हा न्यूयॉर्कचा राहणारा. सभेंत बोलण्याची त्याला भीति, आणि मुलींशीं बोलण्याची त्याहून अधिक. ब्राँक्स येथील वनस्पति-उद्यानांत जाऊन बांकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्या शेजारीं बसावयाचें आणि मिनिटभराच्या आंत बोलण्यास आरंभ करावयाचा, असा नियम त्यानें स्वतःला घालून घेतला. महिन्याभरांत त्यानें शंभरांहून अधिक स्त्रियांशीं असा प्रयत्न केला. कित्येकजणी तत्काळ उठून गेल्या, पुष्कळजणी बोलल्या, एकीनें पुन्हां भेटण्याचें कबूल केलें आणि ती आली नाहीं. व्यवहाराच्या दृष्टीनें हा प्रयोग साफ फसला. पण कोणी पोलिसाला बोलाविलें नाहीं, कोणी थोबाडीत मारली नाहीं, आणि नकार ऐकून माणूस मरत नाहीं हें त्या तरुणाच्या मेंदूला शंभर वेळां कळून चुकलें. (आजच्या काळीं अशा प्रयोगांत समोरच्या स्त्रीच्या सोयीचाहि विचार करावा लागेल, हें वेगळें सांगणें नलगे.) पुढें याच एलिस यांनीं १९५० नंतरच्या दशकांत विवेकनिष्ठ उपचारपद्धति मांडली: प्रसंग माणसाला घाबरवीत नाहीं, प्रसंगाविषयींचा अविवेकी आग्रह घाबरवितो. महाराष्ट्रांत ही पद्धति रुजविण्याचें श्रेय मुंबईचे किशोर फडके यांच्याकडे जातें. त्यांनीं एलिस यांच्याशीं अनेक वर्षें पत्रव्यवहार करून तिचा अभ्यास केला आणि मराठींतून ती लोकांपर्यंत नेली. ठाण्यांत १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकारानें सुरू झालेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनेंहि तिचा पुष्कळ प्रसार केला.

आज जो उपचार प्रचारांत आहे त्यांत वोल्पी यांची शिडी आणि एलिस व ॲरन बेक यांची विचारांची तपासणी एकत्र आलीं आहेत. औशाच्या त्या मुलासाठीं शिडी करावयाची झाल्यास ती कशी असेल? पहिली पायरी, एस्टी स्थानकावर अनोळखी माणसाला सोलापूरची गाडी किती वाजतां लागते हें विचारणें. मग बाजारांत भाव करून वस्तु न घेतां परत येणें. दुकानदार काय म्हणेल, ही भीति येथें मुद्दाम ओढवून घ्यावयाची असते. मग वर्गांत एक शंका विचारणें. मग ती शंका अगदीं साधी, बावळट वाटेल अशी विचारणें. आणि शेवटीं पंचवीस माणसांपुढें पांच मिनिटें बोलणें. प्रत्येक पायरीच्या आधीं मुलानें आपलें भाकीत वहींत लिहावयाचें: 'सगळे हंसतील', 'आवाज फुटणार नाहीं', 'शिक्षक चिडतील'. पायरी झाल्यावर काय घडलें तें त्याखालीं लिहावयाचें. ही वही म्हणजे या उपचाराचा आत्मा होय. भाकीत आणि घटना यांत जितकें अंतर अधिक, तितका मेंदु अधिक शिकतो. अपेक्षिलें तेंच घडलें तर शिकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. म्हणूनच कसलेला उपचारक प्रत्येक पायरीवर भीति शून्य होण्याची वाट पाहत बसत नाहीं. भीति असतांनाहि बोलतां आलें, हाच खरा धडा.

ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क आणि ॲड्रियन वेल्स यांनीं १९९५ सालीं या विकाराची जी मीमांसा केली, तिच्यामुळें उपचाराला आणखी एक धार आली. सभाभय असलेला माणूस बोलतांना श्रोत्यांकडे पाहतच नाहीं, तो आंत पाहतो. आपण कसे दिसतों याचें एक चित्र त्याच्या मनांत असतें, आणि तें चित्र त्याला जाणवणाऱ्या धडधडीवरून व उष्म्यावरून तो रंगवितो. आंत आग लागली आहे, म्हणजे बाहेर ज्वाळा दिसत असणार, असें त्याचें अनुमान. यावर उपाय म्हणून त्याच्या बोलण्याचें चलच्चित्र घेऊन त्यालाच दाखवितात. आपला थरकांप पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीं, हें पाहून बहुतेकजण चकित होतात. पुढची शिकवण अशी कीं, लक्ष आंतून काढून बाहेर लावावें: समोर कोण बसलें आहे, कोणाच्या हातांत वही आहे, कोण जांभई देत आहे. ज्यांना भाषण ऐकतांना डुलकी येते, त्याच श्रोत्यांचें वक्त्याला एवढें भय वाटावें, ही एक गंमतच आहे.

औशाचें नाथ संस्थान चक्रीभजनाच्या परंपरेसाठीं प्रसिद्ध आहे. लहानपणापासून भजनांत उभें राहणारीं मुलें पुढें सभाधीट होतात असा पुष्कळांचा अनुभव आहे, आणि वरील विवेचनावरून त्याचें कारण समजण्यासारखें आहे. वारंवार लोकांपुढें यावें लागतें आणि कांहीं अनर्थ होत नाहीं. मात्र समूहांत आवाज मिसळून जातो. हा भजनाचा आधार आहे आणि उपचाराच्या दृष्टीनें हीच त्याची मर्यादा. एकट्याच्या आवाजाची पायरी निराळी चढावी लागते.

आतां मेंदूकडे वळावें. या उपचारानें माणूस 'सुधारला' असें तो सांगतो. पण आंत कांहीं बदललें काय? स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांत टोमास फुरमार्क आणि त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतींत मूळचा मानला जातो. त्यांनीं सभाभयाचे अठरा रुग्ण घेतले. यंत्राखालीं पडून प्रत्येकानें सहा-आठ मंडळींच्या देखत एक छोटेसें भाषण करावयाचें, आणि त्याच वेळीं किंचित् किरणोत्सर्गी केलेल्या पाण्याच्या साहाय्यानें मेंदूच्या कोणत्या भागांत रक्त अधिक वाहतें तें टिपावयाचें, अशी योजना होती. मग चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें रुग्णांचे सहा-सहांचे तीन गट केले. एकाला सिटालोप्राम हें औषध, दुसऱ्याला गटानें घेतलेला वर्तनोपचार, तिसऱ्याला केवळ प्रतीक्षा. सुमारें नऊ आठवड्यांनीं पुन्हां भाषण, पुन्हां चित्र. प्रतीक्षा करणारांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. औषधाच्या आणि वर्तनोपचाराच्या गटांत मात्र अमिग्डला व त्याच्या शेजारचा, स्मृतीशीं संबंध असलेला हिप्पोकॅम्पस यांतील रक्तप्रवाह भाषणाच्या वेळीं उतरला होता. दोन वाटा निराळ्या, आणि दोन्ही एकाच राखणदाराच्या चौकीवर येऊन पोंचल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट वर्षभरानें दिसली: ज्यांच्या अमिग्डलाचें जागणें अधिक कमी झालें होतें, त्यांचीच प्रकृति वर्षानंतरहि अधिक चांगली राहिली होती. सहा-सहा माणसांचे गट म्हणजे फारच तोकडे, हा आक्षेप रास्त आहे. पण शब्दांनीं आणि सरावानें केलेला उपचार मेंदूच्या खोल भागापर्यंत उतरतो, हें येथें प्रथमच एवढ्या स्पष्टपणें दिसलें.

पुढें स्वीडनमध्येंच क्रिस्टोफर मॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं आणखी पुढचा प्रश्न विचारला. रक्ताचा ओघ बदलतो हें खरें, पण मेंदूचा घडीव आकारहि बदलतो काय? त्यांनीं सव्वीस रुग्ण घेतले. कांहींना संगणकाच्या जाळ्यावरून नऊ आठवडे वर्तनोपचार दिला, कांहींना तुलनेसाठीं दुसरा एक सराव. चुंबकीय यंत्रानें आधीं आणि नंतर मेंदूचीं मोजमापें घेतलीं, आणि स्वतःवरील टीकेचीं वाक्यें वाचतांना मेंदु कसा वागतो तेंहि पाहिलें. उपचार घेतलेल्यांचा अमिग्डला टीका वाचतांना कमी उसळूं लागला होता, आणि त्यांतील करड्या द्रव्याचें आकारमानहि घटलें होतें. ज्यांचें आकारमान अधिक घटलें, त्यांची भाषणापूर्वींची धास्ती अधिक उतरली होती. नऊ आठवडे म्हणजे एका हंगामाहूनहि कमी काळ. तेवढ्यांत प्रौढ माणसाच्या मेंदूच्या घडणींत मोजतां येण्याजोगा फरक पडावा, हें जुन्या शरीरशास्त्रज्ञांना खरें वाटलें नसतें.

राखणदार शांत होतो, पण कारभाऱ्याचें काय? अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत फिलिप गोल्डिन व जेम्स ग्रॉस यांच्या मंडळीनें २०१३ सालीं पंचाहत्तर रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांनीं स्वतःविषयींचे कडवट समज वाचावयाचे, आणि मग त्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहण्याचा प्रयत्न करावयाचा. उपचारानंतर असा प्रयत्न करतांना पुढील मेंदूच्या पृष्ठभागाचे कांहीं भाग अधिक जोरानें आणि पूर्वींपेक्षां लवकर कामाला लागत असल्याचें दिसलें. हा 'लवकर' शब्द फार बोलका आहे. सभाभय असलेल्या माणसालाहि शहाणपण सुचतें, पण तें सभा संपल्यावर, घरीं पोंचल्यावर सुचतें. उपचारानें तें वेळेवर हजर होऊं लागतें.

यावरून कोणाची अशी समजूत होईल कीं, जुनी भीति पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसली जाते. तसें मात्र नाहीं. रशियांतील पाव्हलोव्ह यांच्या कुत्र्यांतच हें दिसून आलें होतें: घंटेनंतर अन्न देणें बंद केलें कीं लाळ सुटणें थांबतें, पण कांहीं काळानें घंटा वाजवितां तें आपोआप परत येतें. म्हणजे जुना धडा गेला नव्हता, झांकला होता. पोर्तो रिको येथें मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनीं २००२ सालीं उंदरांच्या पुढील मेंदूंत अशा पेशी दाखवून दिल्या कीं, ज्या भीति शिकतांना स्तब्ध असतात, पण भीति विझल्यानंतर दुसऱ्या दिवशीं 'आतां धोका नाहीं' ही आठवण देतांना जाग्या होतात. त्या भागाला विजेनें हलकें चेतविलें असतां न विझलेली भीतिहि उतरली. अर्थात् विझविणें म्हणजे नवी स्मृति घडविणें. मेंदूंत दोन स्मृति शेजारीं शेजारीं नांदतात, एक म्हणते 'पळ', दुसरी म्हणते 'बोल'. आणि कोणती वर येईल हें पुष्कळसें स्थळकाळावर अवलंबून असतें. किल्लारीचीं माणसें हळूहळू छताखालीं निजूं लागलीं, तरी मध्यरात्रीं भांडें पडलें तर आजहि कोणी दचकून अंगणांत आला तर त्यांत नवल नाहीं.

या साऱ्या चित्रांचा अर्थ लावतांना हात आखडता घेणेंच बरें. मेंदूचें चित्र काढून अमक्याला सभाभय आहे किंवा नाहीं, हें आज सांगतां येत नाहीं. तसें सांगून पैसे उकळणारा कोणी भेटल्यास त्याला नमस्कार करून परतावें. चित्रांतील बदल हा बहुतेक अनेकांची सरासरी असते. उपचाराचा गुण मात्र चित्रांवर विसंबून नाहीं. २०१४ सालीं एव्हान मेयो-विल्सन व इतरांनीं १०१ चांचण्यांचा, म्हणजे तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचा एकत्र विचार केला, तेव्हां एकेकट्या रुग्णाला दिलेला वर्तनोपचार सर्वांत परिणामकारक ठरला. औषधांनाहि गुण होता. परंतु औषध बंद झाल्यावर विकार उलटण्याची शक्यता अधिक, आणि उपचारांत शिकलेलें मात्र माणसाजवळ राहतें, असें तज्ज्ञांचें मत आहे. कांहींना दोन्ही लागतात. आणि कांहींना कशानेंच पुरता गुण येत नाहीं, हेंहि खरें.

याहून नाजूक प्रश्न निराळाच आहे. ज्या सभेंत खरोखरच अपमान होतो, जेथें विशिष्ट जातीच्या माणसानें तोंड उघडतांच टोमणे पडतात, किंवा सुनेनें चार शब्द बोलतांच घरीं गेल्यावर शिक्षा ठरलेली असते, तेथील भीति ही खोटी हांक नव्हे. तेथें राखणदार बरोबर आहे आणि गांव चूक आहे. अशा माणसाच्या हातीं शिडी देऊन 'चढ' म्हणणें हा उपचार नसून क्रौर्य होय. म्हणून चांगला उपचारक आरंभींच हें तपासतो कीं, भाकीत केलेला अनर्थ किती वेळां खरोखर घडला आहे. आणि तो घडत असेल तर वहीचें पान तेथेंच थांबवून दुसऱ्या मदतीचा विचार करतो.

औशाच्या मुलाला ही सोय कोठें मिळेल? लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तेथील मनोविकार विभागाकडे जावयास एक एस्टीचा प्रवास पुरतो. ज्याला समोर बसून बोलण्याचीच भीति आहे, त्याच्यासाठीं १० ऑक्टोबर २०२२ रोजीं केंद्र सरकारनें सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथें मराठींतून बोलतां येतें आणि तोंड दाखवावें लागत नाहीं. कित्येकांच्या शिडीची पहिली पायरी हा दूरध्वनिच ठरूं शकेल.

मुलगा शिडी चढून गेला, लातूरच्या वर्गांत बोलूं लागला, आणि पुढें पुण्यास शिकावयास गेला, तर तेथें पहिल्याच दिवशीं जुनी धडधड परत येण्याचा संभव असतो. नवें गांव, नवी बोली, नवे चेहरे. 'बोल' म्हणणारी स्मृति औसा-लातूरच्या वर्गांशीं बांधलेली, आणि 'पळ' म्हणणारी मात्र सगळीकडे सोबत आलेली. याला उपचार वायां गेला असें समजत नाहींत. म्हणूनच अनुभवी उपचारक शिडीच्या त्याच पायऱ्या मोंढ्यांत, वर्गांत, देवळापुढें, तहसील कचेरींत, अनोळखी गांवीं आणि दिवसाच्या निरनिराळ्या वेळीं पुन्हां पुन्हां चढावयास लावतो, आणि निरोप देतांना वहीचीं कांहीं पानें मुद्दाम कोरीं ठेवावयास सांगतो.